मर्दानी तंबोरा माशेलहून पुण्याला: भर पावसात आणि कमी खर्चात

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्यातल्या माशेलच्या घरातला जुना मर्दानी (पुरुषी आवाजासाठीचा मोठा) तंबोरा पुण्यात गाणं शिकणाऱ्या भाचीकडे पाठवायचा आहे. मूळची पेटी नाही, दिवस पावसाचे आहेत, आणि पॅकिंग व वाहतूक मिळून तीन हजारांच्या आत भागवायचं आहे. कुरियरने सांगितलेला आकडा मात्र त्याच्या कितीतरी पुढे गेला.

तीन हजारांत हे बसवता येईल, पण पैसा आतल्या आधारावर घालायला हवा. बाहेरच्या वेष्टनासाठी फुकटातल्या वस्तूही चालतात. प्रवासात तंबोरा मोडतो तो बहुतेक दोनच ठिकाणी. एक गळ्याशी, म्हणजे भोपळा आणि दांडी जोडली जाते तिथे, आणि दुसरं भोपळ्याच्या पाठीवर. भोपळ्याचं कवच पातळ आणि ठिसूळ असतं. दांडी लांब, आणि तिच्या टोकाला खुंट्यांचा भार. खोका आपटला की दांडी झोका घेते, भोपळा मात्र गच्च कोंबलेल्या कागदांत अडकून बसलेला असतो, आणि सगळा पीळ गळ्यावर येतो. म्हणून तंबोऱ्याचं वजन गळ्याच्या लाकडाने आणि दांडीने पेलायचं. भोपळ्याला फक्त रुंद, मऊ टेकण द्यायचं. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी कुरियरच्या आकड्याबद्दल. मर्दानी तंबोरा साधारण १४० ते १५० सेंमी लांब, भोपळा ४० ते ४५ सेंमी रुंद आणि वजन पाच किलोच्या आसपास. चहूबाजूंनी पुरेशी मऊ जागा ठेवली तर खोका १६५ × ६० × ६० सेंमीचा होतो. कुरियर कंपन्या आकारावरून वजन धरतात. सेंमीमधल्या लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला बहुधा ५००० ने भागतात. इथे तो आकडा ११९ किलो येतो. खोका काट्यावर पंचवीस किलोसुद्धा भरत नाही, तरी पैसे ११९ किलोचे लागतात. खोका दांडीच्या बाजूला निमुळता करून काही वाचत नाही, कारण माप सर्वांत रुंद जागी घेतलं जातं. पैसे वाचवायला म्हणून खोका लहान करून भोपळ्याभोवतीची जागा मारू नका. त्यापेक्षा वाहतुकीचा मार्ग बदला. त्याबद्दल पुढे सांगतो.

सामान जमवताना फ्रिजचा रिकामा खोका आधी मिळवा. फोंडा, म्हापसा, मडगाव कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन दारांच्या मोठ्या फ्रिजचा खोका मागून ठेवला तर मिळतो. टेप घेऊन जा आणि आतली लांबी मोजूनच आणा. सुताराकडून १२ मिमी प्लायची एक फळी, १६० × ५० सेंमी, आणि तिच्याखाली उभ्या ठोकायला दोन रीपा, म्हणजे लाकडी पट्ट्या. टेकूंसाठी प्लायचेच उरलेले तुकडे चालतात. चार-पाच मीटर नवार, म्हणजे खाटेची रुंद जाड पट्टी. जुनी मऊ सुती साडी किंवा धोतर, एक-दोन वाकळी. फोम घेताना एक खबरदारी. गादीवाल्याकडचा मऊ पांढरा फोम बोटाने दाबला की तळाला टेकतो. तो आधाराला उपयोगाचा नाही, फक्त भरावाला घ्या. आधाराला रीबॉन्डेड फोम, म्हणजे रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला घट्ट फोम, पाच सेंमी जाडीचा. कुशनवाल्याकडे त्याची कातरण स्वस्तात मिळते.

गोव्यात सहज मिळणाऱ्या तीन वस्तू टाळा. भाताचं तण, म्हणजे पेंढा, ओल धरतं आणि त्यात किडे असतात. काजूच्या पोत्यांना वास असतो, उंदीर येतात. मासळीचे वापरलेले थर्मोकोलचे डबे कितीही धुतले तरी त्यांतलं मीठ हवेतली ओल ओढतं, आणि पोलादी तारा दोन दिवसांत गंजू लागतात. थर्मोकोल वापरायचाच तर कोरा घ्या.

आता तंबोरा. तयारीला लागण्याआधी सगळ्या बाजूंनी उजेडात फोटो काढा. गळ्याचा जोड, तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या) कडा, भोपळ्याची पाठ आणि आधीपासून असलेल्या चिरा जवळून घ्या. हे फोटो भरपाईसाठी लागतात आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही.

चारही तारा सैल करा, पण एक पूर्ण उतरवून मग दुसरी असं नको. प्रत्येक खुंटी थोडी थोडी, आळीपाळीने फिरवा, म्हणजे तबलीवरचा ताण एकसारखा उतरतो. तारा खुंट्यांवरून सोडायची गरज नाही. ताण गेला की पुरे. पावसात खुंट्या फुगून घट्ट बसतात. खुंटी हलत नसेल तर पक्कड लावू नका, तिच्या भोकाशी दांडीला चीर जाते. अशी तार लंगोटाकडून, म्हणजे खालच्या खिळीवरून, सोडवा आणि खुंटी आहे तशी राहू द्या. सहज निघणाऱ्या खुंट्या काढल्या तर खोका थोडा अरुंद होतो, पण प्रत्येक खुंटी आपल्याच भोकाला घासून बसवलेली असते. अदलाबदल झाली की ती धरत नाही, सूर उतरत राहतो. काढल्याच तर खुंटी आणि तिचं भोक या दोन्हींच्या चिठ्ठ्यांवर १ ते ४ आकडे घालून फोटो काढा. माझ्या मते खुंट्या जागेवरच ठेवाव्यात आणि त्यांच्याभोवती मोकळी जागा सोडावी.

घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात तो तुकडा, बहुतेक तंबोऱ्यांत तबलीवर नुसती तारांच्या दाबाने उभी असते. तार सैल झाली की ती घसरते आणि प्रवासभर तबलीवर आपटत राहते. म्हणून ती काढाच. काढण्याआधी तिच्या पायांची जागा पातळ कागदावर उतरवून घ्या: कागद तबलीवर ठेवा, कडा आणि घोडीचे पाय पेन्सिलीने गिरवा, आणि पंचमाची बाजू कुठली ते लिहा. तबलीवर टेप चिकटवू नका, जुनं चपड्याचं पॉलिश टेपबरोबर उचकटून येतं. घोडी, जवारीची सुतं (तारांखाली घालायचे दोरे) आणि हा कागद एका छोट्या डबीत कापसात ठेवा. घोडीचा वरचा पृष्ठभाग पुसायचा, घासायचा नाही. जवारी, म्हणजे तारांना गुंजता नाद देणारी त्या पृष्ठभागाची घडण, तिथेच असते, आणि ती बिघडली तर पुन्हा लावून घेण्याचा खर्च पॅकिंगपेक्षा जास्त होईल. घोडी चिकटवलेली असेल तर ओढू नका. तिच्यावर फोमची टोपी बसवा आणि झाकणाचा दाब तिच्यावर येणार नाही हे पाहा. तारांतले सूर बारीक जुळवायचे मणी खाली लंगोटाकडे सरकवून सुती पट्टीत गुंडाळा, नाहीतर पॉलिशवर चरे पडतात. सैल तारा आणि दांडी यांच्यामध्ये दुमडलेलं कापड सरकवा आणि वरून कापडाची पट्टी सैल गुंडाळा.

ओलीचा विचार गुंडाळण्याआधी करायला हवा. पावसाळ्यात गोव्याच्या घरातल्या लाकडात आणि भोपळ्यात भरपूर ओल मुरलेली असते. तशीच प्लास्टिकमध्ये बंद केली तर दोन-चार दिवसांत आत बुरशी धरते. पॅकिंगच्या आधी दोन दिवस तंबोरा कोरड्या खोलीत ठेवा. एसी असेल तर चालू ठेवा, थेट झोत नको. चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरने सुकवू नका, एक बाजू आधी सुकते आणि जोड उघडतात. पाऊस उघडला असेल अशा दुपारी पॅकिंग करा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या २०० ते २५० ग्रॅमच्या पुड्या कापडी पिशवीत घालून खोक्यात ठेवा.

गुंडाळताना पहिला थर सुती कापडाचा. बबल रॅप थेट पॉलिशवर लागला तर उष्णतेने आणि दाबाने त्याच्या फुग्यांचे ठसे कायमचे उमटतात. कापडावर बबल रॅपचे दोन वेढे, फुगे बाहेरच्या बाजूला. प्लास्टिकचा कागद मात्र तंबोऱ्याला गुंडाळू नका. खोक्याच्या आतून अस्तरासारखा लावा, म्हणजे पाणी बाहेर अडतं आणि तंबोऱ्याभोवती थोडी हवा राहते.

सगळ्यात जास्त वेळ फळी आणि टेकू यांना द्या. तंबोरा फळीवर तबली वर करून ठेवायचा. भोपळ्याच्या पाठीच्या फुगवट्यामुळे दांडी फळीपासून बरीच वर राहते, अंदाजे २५ सेंमी. नेमकं माप आपल्या तंबोऱ्यावर घ्या. तेवढ्या उंचीचे प्लायचे तीन टेकू करा: एक गळ्याखाली, एक दांडीच्या मध्याखाली, एक खुंट्यांच्या जरा अलीकडे. प्रत्येकाच्या माथ्यावर अर्धगोल खाच, खाचेत पाच सेंमी रीबॉन्डेड फोम. फोमची जाडी धरूनच टेकूची उंची कापा. टेकू फळीला खालून स्क्रूने आणि दोन्ही बाजूंनी कोनाने पक्के करा. खिळे प्रवासातल्या हादऱ्यांनी ढिले होतात. गळ्याखालचा टेकू सर्वांत रुंद, निदान दहा सेंमी, कारण बहुतेक वजन तोच घेतो.

तंबोरा टेकूंवर ठेवल्यानंतरच भोपळ्याखाली चुंबळ सारायची. पाण्याची घागर डोक्यावर घेताना करतात तशीच, पण मोठी: जुनी साडी पिळून ३५ सेंमी व्यासाचं कडं करा, वरून फोमची पट्टी गुंडाळा. कड्यामुळे भार भोपळ्याच्या मधल्या टेकलेल्या बिंदूवर न येता गोलाकार पसरतो. चुंबळ किती उंच असावी? भोपळा आणि चुंबळ यांच्यामध्ये जाड कागद सरकवून ओढा. थोडा अडत निघाला तर बरोबर. अजिबात निघत नसेल तर भोपळा वर ढकलला जातोय, थोडी उंची कमी करा. सरसर निघाला तर भोपळा लोंबकळतोय आणि खड्ड्यात गळ्याला हिसका बसेल. एवढी एक चाचणी न कंटाळता करा. जे तंबोरे पोचल्यावर गळ्याशी चिरलेले निघतात, त्यांत बहुधा हाच ताळमेळ चुकलेला असतो.

मग नवार. तिन्ही टेकूंजवळ दांडीवरून आणि गळ्यावरून नवार घेऊन फळीखालून बांधा, मध्ये फोमचा तुकडा. ताण इतकाच की हाताने दांडी हलू नये. भोपळ्यावरून नवार किंवा दोरी अजिबात घेऊ नका. भोपळ्याच्या दोन्ही कुशींना फोमच्या पाचरी द्या. लंगोटाच्या बाजूच्या भिंतीला पूर्ण रुंदीची दहा सेंमी जाड गादी आणि खुंट्यांच्या बाजूलाही तेवढीच. खुंट्यांच्या टोकापासून खोक्याची कुठलीही भिंत आठ सेंमीपेक्षा जवळ नको.

उरलेल्या जागेत वाकळी आणि मऊ फोम भरा. वर्तमानपत्रांचे बोळे घरी गच्च वाटतात, पण घाटात तासभर हादरे बसले की चेपतात आणि जागा मोकळी होते. थर्मोकोलचे दाणे तर हादऱ्यांनी खाली सरकतात आणि वर जागा मोकळी होते. रिकामी जागा दिसली की भाचीसाठी काजू, कोकमाची सोलं, फणसाचे पापड सरकवायचा मोह होतो. त्यांची वेगळी पिशवी करा. खाण्याच्या वासाने गोदामातले उंदीर खोका कुरतडतात, आणि सोलांतलं मीठ तारांना लागतं.

खोका बंद करण्याआधी फळीची एक बाजू हातभर उचलून हळू हलवा. कान देऊन ऐका. काही खडखडलं किंवा घासलं तर पुन्हा उघडा.

बाहेरच्या खोक्यावर दोन गोष्टी फार कामाच्या. पहिली, लांब बाजूंना खालच्या अंगाला दोरीच्या चार मुठी, फळीच्या रीपांना बांधलेल्या. मुठी असल्या की दोघे जण खोका आडवाच उचलतात. नसल्या की एकटा हमाल तो उभा करून फिरवत नेतो, आणि उभा करताना जड बाजू, म्हणजे भोपळाच, खाली येतो. दुसरी, माथ्यावर लांबीभर रीपांची उतरती चौकट, कौलारू छपरासारखी. त्यावर दुसरा माल रचताच येत नाही. ‘नाजूक’ लिहिलेल्या चिठ्ठ्या रात्री अंधारात कोण वाचतो? तरीही वरची बाजू दाखवणारे बाण चारही भिंतींवर मोठे काढा, भोपळ्याच्या जागी भोपळ्याचं चित्र काढा, आणि माल बेळगावमार्गे जाणार असेल तर मराठी-हिंदीबरोबर कानडीतही लिहून घ्या. पत्ता आणि फोन दोन बाजूंना लिहा, शिवाय एक चिठ्ठी आत.

आता मार्ग. तुमच्या बजेटला सर्वांत बरा पर्याय रात्रीच्या पुणे बसच्या डिकीचा. त्यात माल एकदाच चढतो आणि एकदाच उतरतो, हाच त्याचा मोठा फायदा. प्रत्येक चढ-उतारात धोका वाढतो. आदल्या दिवशी बस कार्यालयात जाऊन डिकीच्या दाराची उंची विचारा, सगळ्या बसमध्ये ६० सेंमीचा खोका आणि वरची चौकट मावतेच असं नाही. मागचं इंजिन तापतं, म्हणून मधली किंवा पुढची डिकी मागा. क्लीनरला खोका सर्वांत शेवटी ठेवायला सांगा आणि तो ठेवताना स्वतः उभे राहा. डिकीत चाकांचं पाणी आणि धूळ शिरते, म्हणून आतलं प्लास्टिकचं अस्तर चुकवू नका. पावती घ्याच, आणि गाडीचा नंबर, चालकाचा फोन भाचीला कळवा. पहाटे उतरवायला तिथे कुणीतरी हजर हवं.

ट्रान्सपोर्टने पाठवायचं तर ‘गोदाम पोच’, म्हणजे पुण्याच्या गोदामातून माल आपणच न्यायचा, हे स्वस्त पडतं. फक्त माल गोव्याहून पुण्याला एकाच गाडीने जातो की वाटेत दुसऱ्या गोदामात उतरतो हे विचारा. थेट गाडी नसेल तर थोडे जास्त पैसे देऊन थेट जाणारी शोधा. पावसाळ्यात घाटात दरड आली की गाड्या अडकतात, म्हणून सोमवार-मंगळवारी बुक करा. शुक्रवारी दिलेला माल रविवारभर गोदामाच्या ओल्या फरशीवर पडून राहतो. या कारणाने रीपा खालून बाहेर ठेवणंही चांगलं, खोका जमिनीपासून बोटभर वर राहतो.

रेल्वेने गोवा एक्स्प्रेस वास्को, मडगावहून लोंढा, बेळगाव, मिरजमार्गे पुण्याला जाते. कोकण रेल्वेचा मार्ग पनवेलकडे जातो, त्यामुळे गाडी बघूनच ठरवा. प्रवाशाबरोबर डब्यात न्यायच्या पेट्यांना १०० × ६० × २५ सेंमी ही मर्यादा आहे. आपला खोका त्यात बसत नाही, तो ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करावा लागतो, आणि मोठ्या आकाराला दर वाढतो. गोवा एक्स्प्रेस पुढे दिल्लीकडे जाते. पुण्याला मिनिटांत माल उतरवला जातो, त्या घाईत आपटण्याची किंवा पुढच्या स्टेशनला जाण्याची शक्यता राहते. म्हणून घरचं कुणी त्याच गाडीने जात असेल तरच हा मार्ग घ्या. तंबोऱ्याची जवारी किंवा गळा आधीच दुरुस्तीला आला असेल तर मात्र मिरजेला थांबणं फायद्याचं. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं ते गाव आहे. तिथे दुरुस्ती होते, आणि पुढच्या प्रवासाचं पॅकिंग तेच लोक करून देतात.

कागदपत्रांत लोक सर्वांत जास्त फसतात. रस्त्याच्या वाहतुकीत मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नाही, तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट असते. आठशे रुपये भाडं असेल तर फार तर आठ हजार. रेल्वे पार्सलला किंमत जाहीर न केल्यास ही मर्यादा किलोला ५० रुपये, म्हणजे २४ किलोच्या खोक्याला १,२०० रुपये. तेव्हा बुकिंगच्या वेळी खरी किंमत लिहा आणि वरचा आकार भरा, तीन हजारांतले काही रुपये यासाठी राखून ठेवा. वापरातल्या घरगुती वस्तूंना ई-वे बिल (जीएसटीतलं माल नेण्याचं कागदपत्र) लागत नाही, म्हणून बिलटीवर (माल बुक केल्याच्या पावतीवर) ‘वापरातला तंबोरा, घरगुती वस्तू, विक्रीसाठी नाही’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुकसान झालं तर लेखी दावा रस्त्याच्या वाहतुकीत बुकिंगपासून १८० दिवसांत आणि रेल्वेत सहा महिन्यांत करावा लागतो.

पुण्यात खोका ताब्यात घेताना भाचीने आधी बाहेरून पाहावं. कोपरा चेपलेला, ओला किंवा छपराची चौकट मोडलेली दिसली तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहावं आणि फोटो काढावा. एकदा ‘माल ठीक मिळाला’ म्हणून सही गेली की नंतर भांडण अवघड होतं. खोका चोवीस तास खोलीत बंदच ठेवावा, म्हणजे आतलं लाकूड तिथल्या हवेला हळूहळू सरावतं. मग उघडतानाचा व्हिडिओ. गळा आणि तबलीच्या कडा बोटाच्या पेराने हलक्या ठोकाव्यात. जोड सुटला असेल तर तिथे आवाज भुसभुशीत येतो. घोडी कागदावरच्या खुणेप्रमाणे ठेवून पहिल्या दिवशी तारा नुसत्या ताठ करायच्या. दुसऱ्या दिवशी दोन-तीन सूर खाली, आणि तिसऱ्या दिवशी नेहमीच्या पट्टीत.

भोपळा फुटलाच असेल तर खोक्यातली एकही कपची टाकू नका. नखाएवढे तुकडेसुद्धा पुडीत बांधून ठेवा. कारागीर ते जुळवून आतून कापड आणि सरस लावून भोपळा उभा करतो. घरी फेविक्विक लावू नका. त्याचा कडक थर कवचात मुरतो, मग सरस धरत नाही आणि तेवढा भाग कापून नवा बसवावा लागतो.